काका, फोटोत नीट येत नाही ना!

सरकारला शिव्या घालायला मला निमित्त लागत नाही. पण गोव्यात, सांगे तालुक्यातल्या उसगाळीमळला गेलं की शिव्या सरकारला नाही, आपल्याच माणसांना घालाव्याशा वाटतात.

तिथे कुशावती नदीच्या वळणावर जांभ्याच्या उघड्या कातळावर कुणी तरी बैल, हरणं, मोर, चक्रव्यूह कोरून ठेवलेत. किती हजार वर्षांपूर्वी, यावर जाणकारांचं अजून जुळत नाही. दर पावसात नदी वर चढते, अंगावर गाळ टाकून जाते. १९९३ मध्ये गावच्या लोकांनी अभ्यासकांना जागा दाखवली. आज ते राज्य संरक्षित स्मारक आहे. नदीने एवढं सांभाळलं, आणि आता आम्ही रविवारी गाड्या काढून येतो ते खिशात खडू घेऊन!

हो, खडू. शाळेतला. एक दांडगा पोरगा उकिडवा बसून बैलाच्या शिंगांवरून खडू फिरवत होता. "काय रे करतोस?" तर म्हणे, "काका, फोटोत नीट येत नाही ना!"

अरे, येणार कसं? कोंबडी-भात हाणून भर दुपारी आलास. डोक्यावर ऊन असताना सगळा कातळ सपाटच दिसतो. सकाळी लवकर ये, नाहीतर उन्हं कलल्यावर. तिरप्या उन्हात खाचेखाचेत सावली उतरते आणि बैल आपोआप उठून दिसतो. फुकटात! पण त्यासाठी लवकर उठावं लागतं, तिथेच घोडं अडतं.

कुणी बाटलीतलं पाणी ओततात. ते निदान वाळतं तरी. खडू मात्र खाचेत बसतो. वर पुढचा शहाणा तीच रेघ गिरवतो, तीही अंदाजाने, की बैलाला पाचवा पाय फुटलाच. मग तोच फोटो सगळीकडे फिरतो आणि लोक पाचव्या पायाचा अर्थ लावत बसतात.

आणि बूट! जांभा तो, काळा फत्तर नव्हे. घासला की झिजतो. पण आईच पोराला चक्रव्यूहावर उभं करून सांगते, "धाव हं बाळा, गोल गोल." बाप व्हिडिओ काढतोय. मी म्हटलं, "ताई, बाजूने चालवा की त्याला."

"मग मधे कोरलंय कशाला?" म्हणाली.