कुत्रा पाळताय? मग आधी स्वतःला पाळीव करून घ्या

सगळ्यात आधी जुनं सगळं डोक्यातून काढून टाका. कुत्रा म्हणजे दारातला मोत्या नाहीतर टिप्या, पोत्यावर पडलेला, रातची शिळी भाकरी ताकात कुस्करून जर्मनच्या ताटलीत घातली की त्याचं भागलं, आणि उंबऱ्याच्या आत नुसता पाय टाकला तरी आज्जीचा असा "हाऽऽड" यायचा की शेजारची कुत्रीपण उठून जायची, ते दिवस गेले. मोत्याला घर राखायचं काम होतं. आता घर तुम्ही राखायचं, कारण तुमच्या ब्रुनोला एसीशिवाय झोप लागत नाही आणि बेल वाजली की तो पलंगाखाली जातो.

जात निवडताना शेजाऱ्याकडं काय आहे ते बघा आणि त्याच्यापेक्षा मोठं घ्या. हस्की असेल तर प्रश्नच मिटला. सायबेरियात बर्फावरून गाडी ओढणारं जनावर, अंगावर केसांचे दोन थर, त्याला मे महिन्यात साताऱ्यात गोडोलीतल्या वन बीएचकेत ठेवायचं म्हणजे प्रेमच लागतं (लाईटबिल वेगळं). मुधोळ, पश्मी असलं काही घेऊ नका. ते आपल्याच भागातलं, ऊन सोसणारं. 2005 साली पोस्टानं मुधोळचं तिकीट काढलं, पुढं आर्मीनंही ट्रेनिंगला घेतला, पण रीलमध्ये उपाशी दिसतो हो, लोक कमेंटमध्ये विचारतात खायला घालत नाही का.

घरात सगळे एकमेकांशी मराठीत भांडा, ब्रुनोशी मात्र इंग्रजीच. "ब्रुनो, नो! सिट! मम्माकडं कम!" आज्जी नुसतं "बस की रं गप" म्हणाली की तो लगेच बसतो, ते कुणाला सांगू नका.

लाडांना कुणी नावं ठेवली तर सरळ माहुलीचा दाखला द्या. संगम माहुलीला साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, वाघापासून महाराजांना वाचवलं म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला असं सांगतात. म्हणजे लाड आपल्याकडं 18व्या शतकापासून आहेतच, फक्त तेव्हा आधी वाघ लागायचा. ब्रुनोनं परवा पालीला बघून पळ काढला, तरी त्याला स्ट्रोलर घ्या. वाढदिवसाला केकपण कापा. चॉकलेट कुत्र्याला विष आहे असं डॉक्टर सांगतील, पण फोटोत रताळ्याचा केक कसा दिसेल?

सकाळी चार भिंती स्मारकाकडं फिरायला न्या. कुणाच्या तरी गेटसमोर तो गोल गोल फिरायला लागला, पाठ वाकवून शेपूट वर केली की लगेच मोबाईल काढायचा आणि रेंज नसल्यासारखं तोंड करून अजिंक्यताऱ्याकडं बघत राहायचं. झालं की तो मागच्या पायांनी माती उडवतो, डांबरावर माती कुठली, पण निदान त्यानं तरी झाकल्यासारखं केलं. पिशवी वगैरे न्यायची नाही, ती पुण्याची फॅडं.

भटक्यांवरही प्रेम करा, पण दुसऱ्याच्या दारात. भटक्या कुत्र्यांच्या 2023 च्या सरकारी नियमात जिना, गेट आणि पोरं खेळतात ती जागा सोडून खायला घाला असं आहे, म्हणजे चालायला लागणार, आणि आपण तर स्कूटीवरून बिस्किटं टाकणारी माणसं. नसबंदी, लसीकरण ते नगरपालिका बघेल.

आणि समोरून कुणी घाबरत आलं तर लांबूनच ओरडायचं, "काही करत नाही तो!" तरी चावलाच तर "आजपर्यंत कुणाला केलं नाही, तुम्हीच काहीतरी केलं असणार" असं म्हणायचं. पूर्वी पोटात 14 इंजेक्शनं घ्यायला लागायची, आता दंडात 5 च, पहिलं लगेच आणि मग 3ऱ्या, 7व्या, 14व्या, 28व्या दिवशी, एवढं काय त्यात. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची असते हे तुम्हाला माहितीये, पण ते सांगायचं तर ज्यांना चावला त्या काकांना घरात घ्यावं लागेल, आणि आत सोफ्यावर ब्रुनो झोपलाय. रेबीज झाला की माणूस वाचत नाही म्हणून त्यांनी ब्रुनोच्या लसीचं कार्ड मागितलं, तर वाढदिवसाचे फोटो दाखवा.