मूर्ती हलली की घर बुडतं म्हणे!

माझी आत्या अठ्ठ्याहत्तरची, इंदुरात रामबागेत राहते. वाड्यातलं राममंदिर दोन पावसाळे गळतंय. यंदा वर्गणी जमली, गुरुजींनी मुहूर्त काढला, रामपंचायतन ओसरीवर आणलं, छत उघडलं. आणि आत्याच्या मोबाइलवर मेसेज आला: 'प्रतिष्ठित मूर्ती जागची हलली की देवत्व जातं. हलवणाऱ्याच्या घरात वर्षाच्या आत मृत्यू. अहिल्यामाता जुन्या देवळाला हात लावत नसत, शेजारी नवं बांधत. अकरा जणांना पाठवा.' चार रात्री आत्याला झोप नाही. काम बंद. नाहीतर असल्या मेसेजसाठी मी पेन उचललं नसतं.

वर्षाच्या आत मृत्यू! कुठं लिहिलंय? तर 'शास्त्रात'. मग शास्त्रच काढू. अग्निपुराणाचा ६७वा अध्याय जीर्णोद्धाराचाच आहे. मूर्ती भंगलेली, अतिजीर्ण असेल तर तिचा त्याग करा. लाकडाची असेल तर अग्नीत, दगडाची असेल तर पाण्यात. आणि त्याच मापाची, त्याच द्रव्याची दुसरी बसवा. हलवण्याचं काय घेऊन बसलात! विहीर, बावडी, तलाव यांच्या जीर्णोद्धारालाही तिथं महाफळ सांगितलंय. इंदूरकरांनी तर ते वाक्य दोनदा वाचावं. ३० मार्च २०२३ ची रामनवमी विसरलो नाही ना आपण? बेलेश्वर महादेवाच्या देवळात जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब खचला, छत्तीस जण गेले. ते काही मूर्ती हलवल्यामुळे नव्हे.

आणि देवत्व जातं म्हणजे जातं कुठं? कोल्हापूरला २०१५ मध्ये अंबाबाईच्या मूर्तीचं संवर्धन झालं, त्याआधी कलाकर्षण विधी करून देवीचं तेज कलशात घेतलं होतं. आमच्या गुरुजींनीही तेच केलंय. ओसरीवरच्या त्या कलशाला रोज सकाळी नैवेद्य दाखवते कोण? आत्याच! स्वतःच्या हातानं करते, आणि घाबरते मोबाइलला.

सोमनाथाचं मात्र खरं आहे, मानतो. १७८३ मध्ये अहिल्याबाईंनी तिथं भग्न मंदिराजवळ वेगळं देऊळ बांधलं. पण तेवढ्यावरून नियम कसा काढता? वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार कुणी केला मग? आणि सोमनाथाच्या मूळ जागीही नवं मंदिर उभं राहिलंच. ११ मे १९५१ ला राजेंद्रप्रसादांच्या उपस्थितीत तिथं प्राणप्रतिष्ठा झाली.

मेसेजच्या शेपटीला 'मातेनं १७३५ मध्ये खजराना गणपती बांधला' असंही आहे. त्यांचा जन्म १७२५ चा. दहा वर्षांच्या होत्या. पुढं काय बोलायचं!

गवंडी आठवडाभर घरी बसलेत, गाभाऱ्यावर नुसती ताडपत्री आहे आणि मृग तोंडावर आलाय. आत्यानं मेसेज पाठवलेल्या अकरा जणांपैकी कुणी हे वाचत असाल, तर आज तिला एक फोन करा. दुपारी चारनंतर. आधी झोपते, म्हणजे झोपायची.