पानं मोजण्याआधी चित्र तपासा (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तरही जरा लांबलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तिसरीतल्या मुलीसाठी माझ्या आधीच्या लेखात सुचवलेली सोळा-चोवीस पानी माहितीपर चित्रपुस्तकं पंधरा मिनिटांत संपतात, म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा ‘हजार प्रश्नोत्तरं’ छापाचा जाडजूड कोश घेतला की वर्षभर बघायला नको. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या घरांत तेलुगू बोलतात, त्यांचा लेखात विचारच नाही.

दुसरा मुद्दा मान्य, त्याच्याकडे शेवटी येतो. पहिला अजिबात मान्य नाही.

तो कोश उघडा आणि पक्ष्यांचं पान काढा. बहुतेक कोशांत एकसारख्या सहा-आठ चौकटी असतात, चिमणीच्या शेजारी माळढोक. चिमणी जेमतेम पंधरा सेंटिमीटर, वजनाला तीसेक ग्रॅम. माळढोकाचा नर मीटरभर उंच आणि वजन 15 किलोपर्यंत. पानावर मात्र दोघं भावंडं! खाली ‘अतिशय वजनदार पक्षी’ असं छापलेलं असतं, पण ते आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात शिरत नाही, कारण डोळ्याला दिसतंय वेगळंच. नान्नजचं माळढोक अभयारण्य सोलापूरपासून हाकेच्या अंतरावर असून आपलं पोर माळढोक म्हणजे कोंबडीएवढं काहीतरी समजून बसतं. चांगल्या चित्रपुस्तकात हाच पक्षी गवतात, शेळीशेजारी किंवा माणसाच्या कमरेला लागलेला दाखवतात. एका जोडपानात उंची, रंग, अधिवास सगळं येतं. अक्षरं पंधरा मिनिटांत संपतात हे खरं, पण चित्र संपत नाही. मूल त्याच पानावर पुन्हा पुन्हा येतं.

म्हणून दुकानातच एक करा. मजकूर हाताने झाका आणि नुसतं चित्र बघून काय काय कळतं ते मुलीला विचारा. ‘मासा आहे’ एवढंच उत्तर आलं तर ते चित्र शोभेचं. ‘याचे कल्ले उघडे आहेत, हा वर श्वास घ्यायला आलाय का?’ असं काही आलं तर पुस्तक पिशवीत टाका. चादर घेताना आपण घडी उलगडून मागची वीण बघतोच ना?

मग चुका शोधा. कोळ्याचे पाय मोजा, आठ हवेत. चंद्रकोरीच्या पोटात चांदणी काढली असेल तर चित्रकार आकाश न बघता बसलाय. विणकामाचं पान असेल तर सोलापुरात तपासायला कुणीही सापडेल : धोटा (आडवा धागा नेणारं साधन) ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, आडवा जातो, त्यांच्याबरोबर उभा धावत नाही, आणि धोट्यात दोरा गुंडाळलेली कांडी असते. माग काढताना एवढं चुकलं असेल, तर ज्वालामुखी बरोबर काढला असेल याची खात्री कोण देणार?

मराठीत आणखी एक खास खाचखळगा आहे, नावांचा. देवमासा आणि तारामासा, दोन्ही मासे नाहीत. खवलेमांजर आणि उदमांजर, दोन्ही मांजराच्या कुळातली नाहीत. ज्या पुस्तकात हे एका वाक्यात सांगितलंय, ते मराठी मुलांसाठी विचार करून लिहिलेलं आहे. जिथे गाळलंय, तिथे बहुधा भाषांतर करताना शब्दाला शब्द ठेवलाय.

आवृत्तीचं वर्ष बघताना फसू नका. नवं मुखपृष्ठ आणि ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे आतला मजकूर जुनाच असू शकतो. ग्रहांच्या पानावर प्लूटो नववा ग्रह म्हणून बसला असेल, तर मजकूर 2006 च्या आधीचा. नकाशात तेलंगण नसेल तर 2014 च्या आधीचा.

छपाईत एकच गोष्ट सांगतो. गडद फोटोवर पांढरी अक्षरं छापली की अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या फोटोत विरघळतात. मोठ्यांना अंदाजाने वाचता येतं, नव्या वाचकाला नाही. मूल अडखळतं आणि आपण म्हणतो, वाचनाची आवड नाही. बांधणीचं म्हणाल तर मधोमध पिन मारलेलं पुस्तक सपाट उघडतं. नुसत्या गमावर बांधलेलं असेल तर जोडपानातलं अर्धं हरीण खाचेत जातं, आणि जोरात दाबून उघडलं की पानं सुटायला लागतात.

आता तेलुगूचं. (कन्नड आणि उर्दू घरांनाही हेच लागू.) प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट मिळतात, बरीचशी एकाच चित्रांवर अनेक भाषांत, चार पातळ्यांत लावलेली. तिसरीला पातळी दोनपासून सुरुवात करा. अनुवाद अनेक हातांनी झालेले असतात, त्यामुळे आधी स्वतः वाचा. घरात तेलुगू लिपी कुणाला येत नसली तरी अडत नाही : आजीने चित्रावर तेलुगूत बोलायचं, नातीने खालचं मराठी वाचायचं. हजार प्रश्नोत्तरांच्या कोशावर आजी काय बोलणार?

पीडीएफ छापून घेणार असाल तर ‘बुकलेट’ म्हणून सांगा, दोन्ही बाजूंनी, ‘शॉर्ट एज’वर (कागदाच्या आखूड कडेवर) उलटवून. सोळा पानांना चार कागद लागतात, पानांची संख्या चाराने भागली जाईल अशी ठेवा. ए-फोर कागद घडी घातला की पान ए-फाइव्ह होतं आणि ए-फोर आकाराची मूळ फाइल 71 टक्क्यांवर येते, म्हणजे 20 पॉइंटचं अक्षर 14 चं होतं. पहिलीच्या मुलाला ते बारीक पडतं, त्याच्यासाठी ए-थ्री घ्या. साधा स्टेपलर मध्यापर्यंत पोचत नाही. घडीवर टोच्याने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा : मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, सरळ खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना टोकं घेऊन गाठ. सोलापुरात दोऱ्याला तोटा नाही.