एल रेनोचं रेटिंग कोणी लपवलेलं नाही

"रडारवर ताशी ४५० किमीच्या वर वारा दिसला तरी एल रेनोच्या टोर्नेडोला मुद्दाम ईएफ३ दिलं" हा मेसेज परत फिरतोय, चुकीचा आहे. (ईएफ म्हणजे टोर्नेडोची तीव्रता सांगणारी ० ते ५ ची श्रेणी, ५ सगळ्यात वरची.) ३१ मे २०१३ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमात, एल रेनो गावाजवळ आलेला हा टोर्नेडो तब्बल ४.२ किमी रुंद होता, रडारचा आकडाही खरा, पण ईएफ रेटिंग मागे राहिलेल्या नुकसानीवरून देतात, म्हणजे घर पायाला बोल्टने नीट बसवलेलं होतं का, झाडाची साल निघाली का, त्यावरून वेगाचा अंदाज काढतात. हा गेला बहुतेक मोकळ्या शेतांवरून, तिथे पाडायला भक्कम काही नव्हतंच. म्हणून आधी रडारवरून दिलेलं ईएफ५ खाली आणून ईएफ३ केलं. आणि प्लीज ईएफ३ म्हणजे किरकोळ समजू नका, ८ माणसं गेली त्यात, अनुभवी स्टॉर्म चेसर (वादळांचा पाठलाग करून नोंदी घेणारे) सुद्धा.