टॉवेलातला आर्किमिडीज

आज लेकीच्या शाळेत नाटुकलं होतं. एक पोरगं टॉवेल गुंडाळून 'युरेका, युरेका' ओरडत स्टेजभर पळालं, टॉवेल सुटता सुटता राहिला, पालक खो-खो हसले. पडदा. झाला आर्किमिडीज!

डोकंच फिरलं. ज्या माणसानं ९६ बाजूंच्या बहुभुजांत वर्तुळ आतून-बाहेरून कोंडून पायची (π) किंमत ३ १०/७१ आणि ३ १/७ यांच्यामध्ये पकडली (आपण ज्या २२/७ वर मार्क खाल्ले, ती त्याचीच वरची हद्द), त्याची ओळख काय, तर राजाच्या मुकुटातली भेसळ पकडायची युक्ती टबात सुचली आणि नागडा पळाला? आणि ती गोष्ट लिहिली व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकारानं, हा जाऊन जवळपास दोनशे वर्षं झाल्यावर! तरंगणाऱ्या वस्तूंवर आर्किमिडीजचा स्वतःचा ग्रंथ आहे. त्यात ना मुकुट, ना टब.

मी सात वर्षांचा असेन. गावच्या विहिरीवर हट्टानं आजीच्या हातातला दोर घेतला. भरलेला पोहरा पाण्यात होता तोवर हलका. बाहेर निघाला आणि मीच कठड्याकडे ओढला गेलो. आजी हसली. "आरं, आत हाय तवर पानी उचलून धरतंय त्येला. भाईर आला की समदा तुझ्यावर." शाळेची पायरी न चढलेली बाई! आर्किमिडीजनं किती उचलून धरतं ते सांगितलं: बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढं. हे नाटकात दाखवायला एक बादली पुरली असती हो.

बरं, मान्य. टॉवेलामुळे पोरांच्या लक्षात नाव तरी राहतं.

पण त्याला स्वतःला काय लक्षात राहावंसं वाटत होतं? थडग्यावर गोल आणि दंडगोल. गोलाचं घनफळ त्याला घट्ट बसणाऱ्या दंडगोलाच्या दोन तृतीयांश, हा त्याचा लाडका शोध. इ.स.पू. २१२ मध्ये सिसिली बेटावरचं त्याचं गाव सिराक्यूज रोमनांच्या हाती पडलं, रोमन सैनिकानं म्हाताऱ्याला मारलं. इ.स.पू. ७५ मध्ये सिसेरो हा रोमन वक्ता सिसिलीत अधिकारी होता. त्यानं थडग्याची चौकशी केली, तर गावकरी म्हणाले, असं काही नाहीच इथं. शेवटी काटेरी झुडपांतून तो गोल-दंडगोल डोकावताना त्यालाच दिसला. मग विळे घेऊन माणसं लावली, वाट केली.

हे वाचलं की मला आमची विहीर आठवते. गेल्या वर्षी शोधायला गेलो, तर घाणेरीत गडप. चुलतभाऊ म्हणाला, बुजली असंल. कठड्याचा एक दगड तेवढा दिसत होता, दोर घासून पडलेले चर अजून तसेच.

रविवारी लेकीला घेऊन जातोय. कोयता घेतलाय बरोबर.