ॲड्रेनलिन असताना प्रतिविष कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, मधमाशीच्या प्रतिविषावरील माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. मधमाशीच्या डंखावर ॲड्रेनलिन (तीव्र ॲलर्जीवरचे इंजेक्शन) उपलब्ध असताना वेगळ्या प्रतिविषाचा, म्हणजे विषच निष्प्रभ करणाऱ्या औषधाचा, आग्रह म्हणजे पैशाचा अपव्यय आहे, आणि ब्राझीलमध्ये तयार झालेले असे प्रतिविष सरळ आयात करावे हे माझे विधान उथळ आहे, असे आपले दोन आक्षेप आहेत.

पहिल्या आक्षेपात दोन वेगळ्या आजारांची गल्लत झाली आहे. ज्याला ॲलर्जी आहे तो एका डंखानेही दगावू शकतो आणि तिथे ॲड्रेनलिनला पर्याय नाही. परंतु कड्यावरचे आग्या मोहोळ उठून एकाच माणसाला शेकडो माश्या डसतात, तेव्हा ॲलर्जी नसली तरी विषाची मात्राच जीवघेणी ठरते. मधमाशीच्या विषात सुमारे निम्मा वाटा मेलिटिन या छोट्या प्रथिनाचा असतो. ते पेशींची आवरणे फोडते, तांबड्या पेशी आणि स्नायू यांतून बाहेर पडलेली द्रव्ये मूत्रपिंडांवर आदळतात. आमच्या ट्रेकमधल्या एका सोबत्याच्या मानेतून आणि केसांतून आम्ही नखांनी नांग्या खरवडून काढल्या, तेव्हा तो नीट बोलत होता. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि डायलिसिसची वेळ आली. ॲड्रेनलिन रक्तदाब सावरते, मेलिटिनला निष्प्रभ करत नाही.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. ब्राझीलमध्ये घोड्यांना विष टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून (विषाला निष्प्रभ करणाऱ्या प्रथिनांपासून) तयार केलेल्या प्रतिविषाची २० रुग्णांवरील चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, पण तीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा होता. शिवाय ते तिथल्या आफ्रिकी-युरोपीय संकरित माश्यांच्या विषाविरुद्ध आहे. आपली आग्या माशी ही वेगळी जात आहे. मेलिटिन अवघ्या २६ अमिनो आम्लांचे असल्यामुळे घोड्याच्या शरीरात त्याविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार करणे हेच मुळात अवघड असते. पेटीतल्या माश्यांचे विष मिळवणे त्यामानाने सोपे: पेटीच्या तोंडाशी सौम्य वीजप्रवाहाच्या तारा आणि खाली काच ठेवली की माश्या डंख मारतात, आणि वाळलेले विष पात्याने खरवडून घेता येते. उघड्या कड्यावर लोंबणाऱ्या पोळ्यापाशी हे कसे साधायचे, हा खरा प्रश्न आहे, आणि पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था असताना तो इथेच हाती घेतला जावा, असे मला मनापासून वाटते.

आयातीचे ते वाक्य मी मूळ लेखातून आज काढले आहे.