‘ए ग्रेड एम्ब्रियो म्हणजे साडेतीन किलोचं बाळ’? त्या फॉरवर्डचं एकेक वाक्य बघूया

सध्या एक मेसेज फिरतोय. आयव्हीएफ करणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर तर आहेच, पण आता तो सासवांच्या भिशीच्या ग्रुपवर पोचलाय, म्हणजे तो आता थांबत नाही. मेसेज थोडक्यात असा: एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार केलेला गर्भ) ए ग्रेडचा असेल तर बाळ तीन-साडेतीन किलोचं आणि धडधाकट, बी असेल तर अडीच, सी असेल तर दोनच्या खाली आणि जन्मभर किरकोळ. फ्रोझन, म्हणजे गोठवून ठेवलेल्या, एम्ब्रियोची बाळं अशक्त. लॅबमधल्या केमिकलने वजन घटतं. पीजीटी (एम्ब्रियोची क्रोमोझोम तपासणी) केलं की वजनाची गॅरंटी. म्हणून डॉक्टरांकडे हट्ट धरा की ए ग्रेडच टाका, आणि ए नसेल तर दोन टाका, एक तरी चांगलं निघेल. खाली ‘जनहितार्थ’ आणि हात जोडलेले.

मी मुंबईतल्या एका लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे ते ए-बी-सी लिहिणाऱ्यांपैकीच एक. ट्रान्सफरच्या, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात सोडायच्या, दिवशी टेबलवर झोपलेली बाई पूर्वी ग्रेड विचारायची आणि गप्प व्हायची, हल्ली लगेच पुढचा प्रश्न येतो, मग वजन किती भरेल हो मॅडम. तिथे आत लेक्चर देता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

‘ए म्हणजे साडेतीन, सी म्हणजे दोन.’ ग्रेड म्हणजे काय ते आधी बघा. पाचव्या दिवसाचा एम्ब्रियो, ज्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात, त्याच्यासमोर रिपोर्टवर ‘४एबी’ असं काहीतरी असतं. आकडा १ ते ६, तो किती फुगलाय त्याचा. पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या पुंजक्याचं, त्यातून बाळ होतं, आणि दुसरं बाहेरच्या थराचं, त्यातून मुख्यतः वार म्हणजे प्लासेंटा होते. ही पद्धत गार्डनर आणि स्कूलक्राफ्ट यांनी १९९९ मध्ये मांडली, आणि तिचा रोजचा उपयोग एवढाच की डिशमध्ये चार-पाच एम्ब्रियो असतील तर पहिला कुठला टाकायचा, चिकटायची शक्यता कुठल्याची जास्त. वजनाचा कॉलम त्यात नाहीच. शिवाय हे सगळं डोळ्याने बघून दिलेलं असतं, त्यामुळे मी बी दिलेला एम्ब्रियो शेजारच्या मायक्रोस्कोपवरच्या मुलीला ए वाटू शकतो, आणि सकाळी ३ असलेला दुपारी ४ झालेला असतो. त्यावरून नऊ महिन्यांनंतरचं वजन सांगायचं म्हणजे नर्सरी ॲडमिशनच्या फोटोवरून दहावीचे टक्के सांगण्यासारखं झालं.

हां, चांगल्या ग्रेडला गर्भ राहण्याची शक्यता जास्त असते, हे खरंय, नाहीतर आम्ही ग्रेड देतच बसलो नसतो. पण एकदा तो चिकटला, टिकला आणि एकटंच बाळ पूर्ण दिवसांचं झालं, की मग चांगल्या आणि कमी ग्रेडच्या बाळांची सरासरी वजनं बहुतेक अभ्यासांमध्ये जवळजवळ सारखीच येतात. वारेच्या अक्षराचा थोडा संबंध लागावा असं कुणालाही वाटेल, कारण बाळाला पोसते ती वारच, आणि काही अभ्यासांत तसा थोडा फरक दिसलाही आहे, काहींत काहीच नाही, पण मेसेजमधल्या दीड किलोच्या फरकाच्या आसपाससुद्धा कुणी गेलेलं नाही. त्यात अजून एक गंमत म्हणजे मुलग्यांचे एम्ब्रियो जरा भराभर वाढतात म्हणून ए ग्रेडमध्ये मुलगे किंचित जास्त निघतात, आणि मुलगे जन्मतः सरासरी शंभरेक ग्रॅमने जड असतातच, तेव्हा हा हिशोब वेगळा काढला नाही तर ए ग्रेडचं वजन उगाच जास्त दिसतं. (आता यावरून ‘ए मागा, मुलगा होईल’ असा नवा मेसेज बनवू नका प्लीज. फरक अगदी थोडा आहे, आणि लिंग बघून एम्ब्रियो निवडणं पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे.)

जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८, वजन साधारण २.६ किलो. तेव्हा गार्डनरची अक्षरं जन्मालाही आली नव्हती. तिच्या आईचं बीपी वाढलं म्हणून सिझेरियन करून बाळ जरा आधीच काढावं लागलं होतं. आपल्या परळच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमच्या प्रयत्नांतून बाळ जन्माला आलं तेव्हाही ही अक्षरं नव्हती.

आणि हा साडेतीनचा आकडा आला कुठून? पुण्याजवळच्या गावांमध्ये डॉ. याज्ञिकांच्या टीमने केलेल्या अभ्यासात बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं, आणि ज्या इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांशी त्यांनी तुलना केली त्यांचं साडेतीन. म्हणजे मेसेजवाल्याला साउदॅम्प्टनचं बाळ हवंय, आणि ते डोंबिवलीच्या पाच फुटी आईकडून. त्या अभ्यासात हेही दिसलं की आपली बाळं हडकुळी दिसली तरी अंगावर चरबी तुलनेने धरून असतात, त्यामुळे नुसतं वजन वाढवणं हे ध्येयच नाही. आईला शुगर असेल तर बाळ चार किलोचंपण होतं, त्याला कुणी सुदृढ म्हणत नाही, त्याची शुगर पहिल्या दिवसापासून तपासत बसावी लागते.

‘सी ग्रेडचं बाळ जन्मभर किरकोळ.’ नाही. ग्रेड दिसण्यावर असते, क्रोमोझोमवर नाही. देखणा ४एए आतून क्रोमोझोमने बिघडलेला असू शकतो आणि ओबडधोबड ३बीसी आतून ठीक असू शकतो. वय वाढलं की बिघडलेल्यांचं प्रमाण वाढतं, चाळिशीनंतर तर निम्म्याहून जास्त, मग ते दिसायला कितीही छान असोत. पण त्यातले बहुतेक चिकटतच नाहीत किंवा लवकर पडतात. जो सी टिकला आणि नऊ महिने काढले त्याच्या कपाळावर सी लिहिलेला नसतो.

‘पीजीटी केलं की वजनाची गॅरंटी.’ पीजीटी क्रोमोझोम मोजतं, किलो नाही. पुढे चला.

‘फ्रोझनची बाळं अशक्त.’ हे तर चक्क उलटं आहे. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवलेला एम्ब्रियो म्हणजे बर्फातली कोळंबी असं लोकांच्या डोक्यात बसलंय, पण आकडेवारी सांगते की फ्रोझन ट्रान्सफरची एकटी बाळं फ्रेशच्या (न गोठवता टाकलेल्या एम्ब्रियोच्या) बाळांपेक्षा सरासरी थोडी जडच असतात, आणि कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका फ्रेशमध्ये जास्त. कारण बहुधा असं की फ्रेशमध्ये इंजेक्शनांमुळे हार्मोन्स भरमसाट वाढलेले असतात आणि गर्भाशयाच्या त्याच अस्तरावर एम्ब्रियो ठेवायचा असतो. फ्रोझनची खरी काळजी वेगळी आहे, ती मेसेजमध्ये नाहीच. बाळ प्रमाणाबाहेर मोठं होण्याचा आणि आईचं बीपी वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो, विशेषतः गोळ्यांवर अस्तर तयार केलेल्या सायकलमध्ये, जिथे ओव्ह्युलेशनच (बीज बाहेर पडणं) होत नाही आणि त्यानंतर ओव्हरीत तयार होणारं, हार्मोन्स देणारं कॉर्पस ल्युटियमही नसतं. ज्यांची पाळी नियमित आहे त्यांनी नॅचरल सायकलमध्ये, म्हणजे पाळीच्या आपल्या चक्रात, ट्रान्सफर होईल का हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

‘लॅबमधल्या केमिकलने वजन घटतं.’ अख्ख्या मेसेजमध्ये थोडंफार तथ्य आहे ते इथे. एम्ब्रियो ज्या द्रवात वाढतो त्याला कल्चर मीडियम म्हणतात. गाई-मेंढ्यांमध्ये काही मीडियममुळे अवाढव्य पिल्लं होताना आधीच दिसलं होतं, आणि नेदरलँड्समध्ये दोन मीडियमची सरळ तुलना केली, निकाल २०१६ मध्ये आले, तर जी५ मधली बाळं एचटीएफपेक्षा सरासरी १५८ ग्रॅमने हलकी निघाली. पण गर्भ राहण्याचं प्रमाण त्याच जी५ मध्ये जास्त होतं, तेव्हा वाईट कुणाला म्हणायचं? आणि हा फरक ग्रेडचा नव्हे.

‘दोन टाका, एक तरी चांगलं निघेल.’ हे वाचून माझं डोकं फिरतं, कारण बाकीचं वाचून बाई फक्त घाबरते, हे वाचून ती सही करते. मला कळतं का वाटतं ते, एका सायकलला लाख-दोन लाख गेलेले असतात, कर्ज काढलेलं असतं, ऑफिसात किती वेळा पोटदुखीचं कारण सांगणार, मग वाटतं एका फटक्यात दोन झाले तर सुटलो. पण वजनाचाच विचार करायचा तर आयव्हीएफमध्ये कमी वजनाच्या बाळांचं सगळ्यात मोठं कारण जुळी हेच आहे. अमेरिकेच्या जन्मनोंदींमध्ये जुळ्यांमधली निम्म्याहून जास्त बाळं अडीच किलोच्या खाली असतात, एकट्या बाळांमध्ये दहात एकसुद्धा नाही. म्हणजे सी ग्रेडच्या भीतीने दोन टाकले तर ज्या गोष्टीची भीती होती तीच घरी आणली, वर एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूचं, बिल, ते इथे मुंबईत काय येतं ते ज्यांनी भरलंय त्यांना विचारा.

बरं, दोन टाकून एकच राहिलं तरी सुटका नाही. कधी कधी दोन्ही चिकटतात आणि सुरुवातीच्या सोनोग्राफीनंतर एक विरून जातं, तर उरलेल्या बाळाचं वजनपण सुरुवातीपासून एकट्या असलेल्या बाळापेक्षा सरासरी थोडं कमी भरतं. स्वीडनने २००३ पासून साधारणपणे एकच एम्ब्रियो असा नियम केला, जुळ्यांचं प्रमाण चारात एकवरून वीसात एकच्या आसपास आलं, आणि घरी बाळ नेणाऱ्यांचं प्रमाण काही कोसळलं नाही, कारण उरलेले फ्रीझ करून नंतर एकेक टाकले. आपल्याकडे सरोगसीच्या २०२२ च्या नियमांतसुद्धा सरोगेटला एका वेळी एकच एम्ब्रियो असं आहे, खास परिस्थितीत तीनपर्यंत. वय जास्त असेल, आधीचे प्रयत्न फसले असतील तर दोनचा निर्णय होऊ शकतो, तो डॉक्टरांसोबत बसून घ्या, फॉरवर्ड वाचून नको.

मग वजन ठरतं कशावर? किती आठवड्यांना जन्म झाला हे पहिलं, बाकी सगळं त्याच्या मागे. आईची उंची, बांधा, हिमोग्लोबिन, बीपी, शुगर, वारेचं काम. तंबाखूचं तर मुंबईतच मोजलंय, २००४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या गरोदर बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती. आजी म्हणते मिश्रीने काय होतंय, तर हे होतंय. ज्या कारणाने मूल राहत नव्हतं त्या कारणाचाही वाटा असतो, नॉर्वेत एकाच आईच्या मुलांची तुलना केली, एक आयव्हीएफचं आणि एक आपोआप राहिलेलं, तर वजनातला फरक जवळपास नाहीसाच झाला.

‘तिसऱ्या महिन्यापासून डिंकाचे लाडू, वजन भरतं’ ही मेसेजची शेवटची ओळ. लाडू खा की. पण मुंबईच्याच वस्त्यांमध्ये साडेसहा हजार बायकांवर एक मोठा प्रयोग झालाय, पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला रोजचा नाश्ता देऊन. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर वजनात फरक पडला नाही, पण गर्भ राहायच्या तीन महिने आधीपासून ज्या खात होत्या त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढलं. त्यामुळे आयव्हीएफवाल्यांचं बरं आहे, ट्रान्सफरची तारीख आधी माहीत असते, पालेभाजी तेव्हापासूनच सुरू करता येते. आणि बीटा (गर्भ राहिल्याची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला की बाराव्या आठवड्याच्या आसपास डॉक्टरांना विचारा की बीपीच्या धोक्यासाठी मला कमी डोसची ॲस्पिरिन लागेल का, कारण ज्यांना लागते त्यांना ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते. स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नका, आणि कुणी फॉरवर्ड केलं म्हणून तर अजिबात नको.